यात कुणी मरत नाही ना?

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पुस्तकांचं एक कपाट आहे. पुण्याजवळच्या हिंजवडीत, फेज 3 कडे जाताना ज्या उंच इमारती लागतात, त्यांतल्याच एकीत. रविवारी सकाळी मी तिथे बसते. पुस्तक न्यायचं, वाचायचं, आणून ठेवायचं. नोंदवही आहे, दंड नाही. गेल्या रविवारी एक आई आली, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. म्हणाली, "काकू, मूल इमोशनली स्ट्राँग होईल असं काहीतरी द्या ना." मी 'तोत्तोचान' काढून तिच्या हातात दिलं. तिने मलपृष्ठ वाचलं, चार पानं चाळली आणि मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "यात कुणी मरत नाही ना?"

मरतो, मी म्हटलं. यासुआकी-चान मरतो.

तिने पुस्तक परत कपाटात ठेवलं.

मला तिचा राग आला नाही. लेकराच्या डोळ्यांत पाणी येऊ नये असं वाटणारी ती आई आहे. पण तिची दोन्ही वाक्यं आठवडाभर माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसून राहिली. मन घट्ट करणारं पुस्तक हवं, आणि त्यात मन हलेल असं काही नको. पोहायला शिकवा, पण पाण्यात उतरवू नका. हे होत नाही. आणि मुलांच्या पुस्तकांच्या बाबतीत आपण आज नेमकं हेच मागतो आहोत.

आधी त्या यासुआकी-चानविषयी. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे आत्मकथन जपानीत 1981 साली आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला. एका शाळेने काढून टाकलेली तोत्तो तोक्योतल्या तोमोए शाळेत येते, जिथे रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. शाळेच्या आवारात प्रत्येक मुलाचं स्वतःचं एक झाड असतं. यासुआकी-चानला पोलिओ झालेला, त्याला चढता येत नाही, म्हणून त्याचं झाड नाही. तोत्तो त्याला आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते. शिपाईकाकांच्या खोलीतून शिडी ओढत आणते. जमत नाही. मग घडीची शिडी आणते. खालून ढकलते, वरून ओढते, घामाने निथळते. मोठं माणूस जवळ कुणी नाही आणि घरी कुणाला खरं सांगितलेलं नाही. शेवटी दोघं फांदीवर बसतात आणि तो मुलगा आयुष्यात पहिल्यांदा झाडावरून जग बघतो.

पुढे तो जातो. त्याचा शेवटचा निरोप घेताना तोत्तोला आठवतं, त्याने वाचायला दिलेलं 'टॉमकाकाची कोठी' आपल्याकडेच राहिलं आहे. मोठ्या माणसाने लिहिलेल्या मृत्यूच्या शंभर वर्णनांपेक्षा ते परत करायचं राहिलेलं पुस्तक मुलाला जास्त सांगून जातं. आणि अगदी शेवटी युद्धात शाळेवर बाँब पडतो. मुख्याध्यापक कोबायाशी रस्त्यात उभे राहून आपली जळती शाळा बघत असतात. शेजारी उभ्या आपल्या तरुण मुलाला ते विचारतात, आता पुढची शाळा कशी बांधायची?

'रेझिलियन्स' हा शब्द आता शाळांच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. त्याचा अर्थ मला या एका पानाइतका नीट दुसऱ्या कुठेही कळलेला नाही. मृत्यू नको म्हणून ज्या आईने पुस्तक मिटलं, तिच्या मुलाला हे पानही मिळालं नाही.

आता हिंजवडीतल्या मुलांच्या वाट्याला काय येतं ते बघा. बाबांची बदली बंगळूरला होते आणि पाचव्या मजल्यावरचा जिगरी दोस्त मे महिन्यात ट्रकमागोमाग निघून जातो. प्रोजेक्ट बंद पडतो, घरात दोन महिने दबक्या आवाजात बोलणी चालतात आणि मुलाला सांगितलं जातं, "काही नाही रे, तू खेळ जा." सांभाळायला आलेली आजी "माझा जीव इथे नाही रमत" म्हणून गावी परत जाते. आई भूमकर चौकात अडकलेली असते. फोनवर म्हणते दहा मिनिटांत पोचते, त्याची पन्नास मिनिटं होतात. कामाला येणाऱ्या मावशी एका सोमवारी येत नाहीत, मग कधीच येत नाहीत, आणि पाच वर्षं भरवणाऱ्या त्या मावशी कुठे गेल्या हे मुलाला कुणी सांगत नाही.

ही दुःखं आहेत. कुणी मेलं नाही म्हणून ती लहान होत नाहीत. मुलाला ती आधीच भेटलेली असतात. गोष्टीत ती आली तर मुलाला कळतं की हे फक्त आपल्यालाच होत नाही. एवढंच गोष्टीचं काम. पण ते दुसऱ्या कशाने होत नाही.

मग बाजार काय देतो? भावनांची पुस्तकं. लाल राक्षस म्हणजे राग, निळा राक्षस म्हणजे दुःख, शेवटच्या पानावर तीन खोल श्वास. एका वर्षात वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्ये आमच्या कपाटात अशी अकरा पुस्तकं आली. त्यांतली दोन चांगली आहेत, कारण त्यांत माणसं आहेत. उरलेली नऊ गोळीच्या पाकिटातल्या कागदासारखी आहेत: लक्षण, मात्रा, दिवसातून किती वेळा. मूल ती एकदा बघतं आणि पुन्हा मागत नाही. मुलाने पुस्तक पुन्हा मागणं ही माझ्या लेखी सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. वयोगट, पारितोषिक, समाजमाध्यमावरची यादी, सगळं त्यानंतर.

तात्पर्याचंही तेच. "यातून काय शिकलास?" हा प्रश्न आपल्या हाडीमाशी खिळला आहे. कॅनडातल्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली आणि 2014 साली निष्कर्ष छापले. तीन ते सात वर्षांच्या मुलांना एकेक गोष्ट सांगितली. कुणाला 'लांडगा आला रे आला', कुणाला नाक लांब होणारा पिनोकिओ, कुणाला चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची. (ती गोष्टही दंतकथाच, पण असो.) मग पाहिलं, गोष्ट ऐकल्यावर कोण खरं बोलतं. लांडग्याने आणि नाकाने काहीही फरक पडला नाही. वॉशिंग्टनच्या गोष्टीने पडला, कारण तिथे खरं बोललेल्या मुलाला वडील जवळ घेतात. त्याच गोष्टीचा शेवट बदलून तो वाईट केला तेव्हा तिचाही परिणाम गेला. पिढ्यान् पिढ्या आपण मुलांना लांडगा दाखवत आलो. तो लांडगा मुलांना खरं बोलायला शिकवत नाही.

कॅनडातल्याच, टोरांटोतल्या दुसऱ्या एका प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली. एकीत कपडे घातलेले प्राणी, दुसरीत माणसांची मुलं. नंतर मुलांकडचे स्टिकर दुसऱ्या मुलांना द्यायची वेळ आली, तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांनी जास्त दिले नाहीत. म्हणून पंचतंत्र फेकून द्या असं मी म्हणणार नाही. कोल्हा, बगळा, माकड आणि मगर ही आपल्या घरची मंडळी आहेत, त्यांच्यासोबत हसायचं, घाबरायचं. पण दुसऱ्याचं मन कळावं ही इच्छा असेल तर पुस्तकात माणूस हवा. आपल्यासारखा जेवणारा, रुसणारा, चुकणारा.

आणि हेही सांगते, कारण अर्धं सांगणं मला पटत नाही. ललित साहित्य वाचल्याने दुसऱ्याचं मन ओळखता येतं, असं 'सायन्स' या नियतकालिकात 2013 साली छापून आलं आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. पुस्तक ही लस नव्हे. एक 'तोत्तोचान' टोचलं की मूल प्रेमळ होईल, असं वचन जो देतो त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. मुलाच्या शेजारी बसून वाचणारं माणूस, वाचता वाचता त्याचा दाटलेला आवाज, आणि वर्षानुवर्षं चाललेला हा नेम, यांतून जे घडतं ते घडतं.

आता आपल्या घरचं सर्वांत मोठं पुस्तक. 'श्यामची आई' हिंजवडीत बहुतेक मराठी घरांत आहे आणि बहुतेक घरांत ते न उघडलेलं आहे. आजोबांनी मुंजीत दिलेलं किंवा शाळेतून बक्षीस मिळालेलं. त्यातून एक वाक्य मात्र रोज काढलं जातं: "बघ, श्याम कसा होता." साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं ते कुणाच्या मुलाला टोमणा मारायला नव्हे. आईच्या आठवणीने व्याकूळ झालेला एक माणूस रात्री सोबत्यांना गोष्टी सांगतो आहे, असं ते पुस्तक आहे. छडीसारखं वापरलं की ते मरतं.

त्यातली अळणी भाजीची एकच रात्र वाचा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ती भाजी निमूट जेवतात, वर चांगली झाली म्हणतात, आणि मुलंही काही बोलत नाहीत. नंतर आई स्वतः जेवायला बसते, पहिला घास घेते आणि तिला कळतं. मग तिला किती चुटपुट लागते! अळणी खाल्लं ते वडिलांनी, वाईट वाटतं ते आईला, आणि दोघांचंही खरं. दुसऱ्याचं मन राखणं म्हणजे काय, हे इतक्या साध्या भाजीतून सांगणारं पान मी दुसरं पाहिलेलं नाही. पुस्तक तिथेच मिटा. "तूसुद्धा आता भाजीला नावं ठेवायची नाहीत हं" हे वाक्य जिभेवर येईल. गिळा. ते वाक्य उच्चारलंत की साने गुरुजी खोलीतून निघून गेले म्हणून समजा.

याच पुस्तकात पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारतेही. आजच्या मुलाला ते खटकतं आणि तो विचारतो, "आई अशी का वागली?" हा प्रश्न आला की काही पालक पुस्तक बंद करतात, काही आईची बाजू घेऊन वाद घालतात. दोन्ही नको. तुम्हाला काय वाटतं ते खरं सांगा. आपल्या लाडक्या माणसाचंही सगळंच बरोबर नसतं आणि तरी ते लाडकं राहतं, हे मुलाला कळण्याची याहून चांगली संधी कुठली?

भाषेविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे. आमच्या इमारतीतल्या मुलांना विचारलं, कसं वाटतंय, तर उत्तरं तीन: हॅपी, सॅड, अँग्री. त्यांच्या आज्यांना विचारा. हिरमुसणं, खट्टू होणं, रुसणं, फुरंगटणं, ओशाळणं, भांबावणं, कानकोंडं होणं. हुरहूर वेगळी, धाकधूक वेगळी, घुसमट वेगळी. दोस्ताचा ट्रक गेटबाहेर गेला तेव्हा मुलाला 'सॅड' वाटलं नव्हतं, त्याला गलबलून आलं होतं. आई उशिरा का होईना दारात दिसली तेव्हा तो 'हॅपी' नव्हता, त्याला हायसं वाटलं होतं. नाव मिळालं की आतलं ओझं हातात धरता येतं. हे शब्द पाठ करून घ्यायचे नसतात. ते गोष्टीत येतात, आणि आले की ज्याचं त्याला ओळखू येतात. घरात कन्नड, हिंदी, तेलुगू असेल तर तिथेही हाच खजिना आहे, तिथल्या आजीला विचारा. पण घरात मराठी असून मुलाच्या हातातलं एकही पुस्तक मराठी नसेल तर त्याच्या दुःखाची भाषा आपण काढून घेतो आहोत. हे मी सौम्य शब्दांत सांगू शकत नाही.

म्हणूनच माधुरी पुरंदरे. 'राधाचं घर' आणि 'यश'ची पुस्तकं हातात घ्या. राधा घरातल्या माणसांविषयी सांगते. कोण कसं, कुणाचं काय आवडतं, कुणाचं काय खटकतं. राक्षस नाही, उपदेश नाही, श्वासाचे व्यायाम नाहीत. शब्द त्यांचे, चित्रंही त्यांचीच. चित्रातल्या स्वयंपाकघरात पसारा असतो, कारण तो घरात असतो. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना 2014 साली मिळाला आणि 2016 मध्ये टाटा ट्रस्टच्या 'पराग'चा पहिला बिग लिटल बुक पुरस्कारही. हे पुरस्कार पुण्यात साजरे व्हावेत, आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, हिंजवडीत, मुलांना माधुरीताईंचं नाव ठाऊक नाही.

थोड्या मोठ्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा किडकिडीत बन्या पुण्याच्या शाळेत येतो. शहराबाहेरच्या गावातून शहरात आलेला मुलगा. हिंजवडीने त्याला आपला म्हणावं इतका जवळचा. त्याला सोडवायला बाबा गाडी घेऊन येत नाहीत. सायकल, डोकं आणि धाडस यांवर तो निभावतो. आपल्या मुलांना गोष्टीत तरी कुणी एकट्याने रस्ता ओलांडू दे.

आता खिडकीकडे या. आमच्या अकराव्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या नव्या टॉवरचं काम दिसतं आणि त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. संध्याकाळी सहाला तिथे मुलं खेळतात. आमच्या पोडियमवरही त्याच वेळी मुलं खेळतात. मधे एक पत्र्याची भिंत. आमच्याकडच्या एका चिमुरडीने विचारलं, "ती मुलं कुठल्या शाळेत जातात?" तिच्या आजोबांनी उत्तर दिलं, "तिकडे बघू नको."

अमेरिकेतल्या रुडीन सिम्स बिशप या विदुषींनी 1990 साली मांडलं की पुस्तक मुलाला आरसाही असावं आणि खिडकीही. कधी ती खिडकी सरकवून पलीकडे जाताही यावं. उंच इमारतीतल्या मुलाच्या कपाटात सगळे आरसे असतात. पत्र्याच्या खोलीतल्या मुलाला पाठ्यपुस्तकात मिळाली तर फक्त खिडकी मिळते, त्याचा आरसा कुणी छापत नाही. अशा मुलांसाठी पुण्यात डोअर स्टेप स्कूल ही संस्था 1993 पासून काम करते आहे. बांधकामाच्या जागांवर वर्ग घेते, पुस्तकं पोचवते. कामासाठी दर काही महिन्यांनी आई-बापांचा मुक्काम हलतो, मूल दरवेळी नव्याने सुरुवात करतं, मागचे मित्र, मागची ताई मागे ठेवून. सहनशक्तीविषयी बोलायचं तर पत्र्याच्या भिंतीपलीकडे या विषयातले जाणकार राहतात, आणि त्यांची वयं सहा, आठ, दहा आहेत.

या मुलांवरची पुस्तकं निवडताना मी एक गोष्ट बघते: तो मुलगा गोष्टीत काही करतो की नुसता मदत घेतो? गरीब मुलगा, दयाळू ताई, नवा कोरा फ्रॉक, आणि फ्रॉक देणारीचं भरून आलेलं मन, अशी गोष्ट मी कपाटात ठेवत नाही. तिच्यातून मूल दया शिकतं, बरोबरी शिकत नाही. गोष्टीतल्या त्या मुलीला राग येऊ दे, तिला एखादी गोष्ट आपल्यापेक्षा उत्तम येऊ दे, तिला विनोद करू दे.

आणि प्रकाशकांनो, लेखकांनो, मला हिंजवडीची गोष्ट हवी आहे. चैत्र पौर्णिमेला इथे म्हातोबाचं बगाड निघतं. त्या गर्दीत मूळच्या गावातली मुलगी असते, जिच्या आजोबांच्या शेतावर आज काचेची इमारत उभी आहे. आयटीतल्या आई-बापांचा नागपूरहून आलेला मुलगा असतो, ज्याला बगाड म्हणजे काय ते माहीत नाही. पत्र्याच्या खोलीतला मुलगाही असतो, जो खांबावर उंच चढलेल्या माणसाकडे बघून म्हणू शकेल की माझे बाबा रोज याहून उंच चढतात. ही तीन मुलं एका पानावर आणा. मी पंचवीस प्रती घेईन.

पुस्तकं मिळत नाहीत, महाग आहेत, पुस्तकांच्या दुकानांचा आप्पा बळवंत चौक लांब आहे, ही तक्रार मला अर्धीच मान्य आहे. प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं पिझ्झ्यापेक्षा स्वस्त पडतात. भूमकर चौकात पन्नास मिनिटं थांबता, तर डिसेंबरमध्ये फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुस्तक महोत्सवालाही एक दुपार काढता येईल.

वाचताना आवाज भरून आला तर येऊ द्या. मुलाने "मग तो परत नाही आला?" विचारलं तर "नाही आला" असं सांगा. त्यानंतर काय बोलायचं ते तुम्हाला सुचणार नाही. बसून राहा. पाठीवर हात ठेवा. मूल दोन मिनिटांनी पाणी मागेल किंवा एकदम उद्याच्या डब्याविषयी बोलेल, आणि आठ दिवसांनी लिफ्टमध्ये चार माणसांसमोर विचारेल, "आई, यासुआकी-चानला झाडावरून काय काय दिसलं असेल?"

ते पुस्तक अजून क्लबहाउसच्या कपाटात आहे. खालून दुसरा कप्पा, निळ्या कागदाचं कव्हर. रविवारी 11 ते 1 मी असते. इतर दिवशी किल्ली गेटवरच्या वॉचमनकाकांकडे.